चीड-देवदाराचा बायोमास काढणं सोपं, वाढ काढणं अवघड

तुझा प्रश्न असा की शिरसीला फॉरेस्ट्रीची डिग्री झाली, आता एमएस्सीच्या कामासाठी हिमाचलात सोलनकडं चिडाच्या, म्हणजे तिकडच्या पाइनच्या, आणि वर देवदाराच्या जंगलात प्लॉट, म्हणजे मोजणीसाठी आखलेले तुकडे, टाकायचेत, एका वर्षाच्या अंतरानं दोनदा टेप लावायची, नेटवरच्या फॉर्म्युल्यात घालून बायोमास, म्हणजे झाडाचं वाळलेलं वजन, काढायचा आणि दोन्हीतला फरक म्हणजे वर्षाची वाढ धरायची, हे चालेल का आणि फॉर्म्युला कुठला घ्यायचा. मी पण बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलाच, झाडं मोजायचं काम आपल्याकडं आणि हिमालयात दोन्हीकडं केलंय, म्हणून जरा लांबलचक लिहितो. बायोमासपुरतं तुझं हे चालेल. वाढीसाठी नाही चालणार, आणि का नाही ते नीट समजून घे कारण तुझं सगळं काम त्यावर उभं राहणार आहे.

हिशोब करून बघ की. चिडाचं ४० सेंटीमीटर व्यासाचं झाड धर, वर्षाला व्यास ४ मिलिमीटर वाढतोय असं समज, म्हणजे घेर वाढला साधारण साडेबारा मिलिमीटर. ४० सेंटीमीटरात ४ मिलिमीटर म्हणजे १ टक्का. व्यास मोजताना १ टक्का चुकायला काही लागत नाही, टेप मागच्या बाजूला जरा खाली घसरली, सालीचं एखादं उचललेलं ढलपं टेपखाली आलं, गेल्या वेळेपेक्षा वीतभर वर लावली, झालं. बायोमास ढोबळमानानं व्यासाच्या अडीचाव्या घातानं वाढतो, म्हणून व्यासात १ टक्का चुकलं तर बायोमासात अडीच टक्के चुकतं, आणि अडीच टक्क्यासाठी तुला कुणी अडवणार नाही. पण वाढीच्या हिशोबात तीच चूक म्हणजे झाडाचं अख्खं एक वर्ष. शिवाय मोजणी दोनदा आहे, दोन्ही वेळच्या चुका एकमेकींना खात नाहीत, दोन्ही मिळून फरकातली चूक एकटीपेक्षा सुमारे १.४ पट होते, म्हणजे ४ मिलिमीटर वाढ आणि तिच्यावर साडेपाच मिलिमीटरची शंका.

आता तू म्हणशील झाडं भरपूर मोजली की सरासरीत चूक जाते. खरं आहे, पण जी चूक कधी जास्त कधी कमी अशी होते तीच जाते. ४०० झाडं घेतलीस तर ती २० पटीनं कमी होईल. पण पहिल्या वर्षी टेप तू धरलीस आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कुणी जास्त ताणून धरली, किंवा पहिली मोजणी पावसाळ्यानंतर आणि दुसरी मे महिन्यात, तर चूक सगळ्या झाडांत एकाच दिशेला येते आणि ती ४०० काय ४००० झाडांनी पण जात नाही. वाढीच्या कामात जीव घेणारी चूक ही, आणि कुठलंच सॉफ्टवेअर ती नंतर दुरुस्त करून देत नाही.

म्हणून पहिला नियम, झाडावर जागा पक्की कर. व्यास छातीच्या उंचीला मोजतात, ती उंची भारतात १.३७ मीटर धरतात, परदेशातल्या बहुतेक पेपरात १.३ मीटर, फॉर्म्युला उचलताना कुठली उंची ते बघ. बायोमासला या ७ सेंटीमीटरनं फार बिघडत नाही, पण वाढीत एकदा १.३ आणि एकदा १.३७ असं झालं की डेटा गेला. उतारावर उंची नेहमी झाडाच्या वरच्या बाजूनं घ्यायची. टेप जिथं बसते तिथं पेंटनं बारीक पट्टा मार, आणि नंबरप्लेटचा खिळा मोजायच्या जागेपासून चांगला लांब ठोक, कारण खिळ्याभोवती झाड फुगतं आणि ती फुगवटी उद्या तुझ्या टेपखाली आली तर तीही वाढ म्हणून लिहिली जाईल. चिडाची साल जाड आणि भेगाळलेली असते, सुटलेली ढलपी हातानं झटक, कोयत्यानं तासू नको, तासलीस तर पुढच्या वर्षी झाड बारीक झालेलं दिसेल.

आणि एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला माहीत नसते. चिडाच्या झाडातून लिसा काढतात, म्हणजे राळ, त्यासाठी खोडावर खाच मारत मारत वर नेतात आणि ती जखम बऱ्याच झाडांत बरोबर छातीच्या उंचीला येते. तिथं खोड गोल राहत नाही, जखमेच्या कडा फुगतात. अशा झाडात जखमेच्या वर चांगलं खोड जिथं लागेल तिथं माप घे, ती उंची वहीत लिही, पुढच्या वेळी तिथंच घे. झाड सोडून देऊ नको, कारण लिसा काढलेली झाडं वगळलीस तर तुझा प्लॉट त्या जंगलाचा राहणारच नाही.

एका वर्षात वाढ दाखवायचीच असेल तर काही झाडांना डेंड्रोमीटर बँड बांध. स्टीलची पट्टी, तिला स्प्रिंग, खोड वाढलं की पट्टी सरकते आणि कॅलिपरनं मिलिमीटरचा दहावा भाग वाचता येतो. पण पट्टी नवीन असताना ढिली असते, सालीवर नीट बसायला तिला वेळ लागतो, म्हणून पहिल्या हंगामाचं रीडिंग कमी येतं, शक्य असेल तर मोजणीच्या एक हंगाम आधी बांध. आणि खोड दिवसभरात पण आकसतं-फुगतं, दुपारी पानं पाणी ओढतात तेव्हा बारीक, पहाटे भरलेलं. रीडिंग सकाळीच आणि ठरलेल्या वेळेलाच घे. आपल्याकडं मार्च-एप्रिलमधे पानगळ झालेल्या सागावर हे बघायला मिळतं, कोरड्या दिवसात खोड थोडं आकसतं आणि अडाणी हिशोबात वाढ उणे येते.

आता दुसरा रस्ता, आणि कॉनिफरमधे, म्हणजे चीड-देवदारासारख्या सूचीपर्णी झाडांत, तो आहे म्हणूनच मला ही झाडं आवडतात. वलयं. थंडीत वाढ थांबते, वसंतात फिकट सैल लाकूड, हंगामाच्या शेवटी गडद दाट लाकूड, दोन्ही मिळून एक वर्ष. इन्क्रिमेंट बोरर म्हणजे पोकळ गिरमिट, ते खोडात गाभ्याच्या दिशेनं फिरवायचं, साधारण ५ मिलिमीटर जाडीची कांडी बाहेर येते आणि झाड न तोडता मागच्या कित्येक वर्षांची वाढ तुझ्या हातात. आपल्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या ऐन, किंजळ, जांभळावर हा खेळ भरवशानं चालत नाही. सागावर चालतो, कारण सागात हंगामाच्या सुरुवातीच्या मोठ्या छिद्रांची रांग स्पष्ट दिसते, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं सागाच्या आणि हिमालयातल्या देवदाराच्या वलयांवर जुन्या पावसाचं भरपूर काम केलंय. पश्चिम हिमालयात देवदाराचं वलय मार्च ते मेच्या पावसाशी जुळतं, त्या महिन्यांत कोरडं आणि गरम गेलं की वलय अरुंद. म्हणजे तू निवडलेलं ते एकच वर्ष कसं गेलं यावर तुझा सगळा आकडा ठरतो. एका वर्षाच्या फरकाला जंगलाची वाढ म्हणायची नाही याचं हे दुसरं कारण.

बोरर कुठून घालायचा हे फार महत्त्वाचं आहे. उतारावरची झाडं झुकलेली असतात, आणि कॉनिफर स्वतःला सरळ करायला झुकलेल्या बाजूला, म्हणजे बहुतेक वेळा खालच्या बाजूला, रुंद वलयांचं वेगळं लाकूड टाकतं, त्याला कॉम्प्रेशन वूड म्हणतात. खालून कांडी काढलीस तर वाढ जास्त, वरून काढलीस तर कमी. म्हणून उताराला आडवी काढ, डावीकडून एक आणि उजवीकडून एक, दोन्हीची सरासरी घे. आणि नुसती वलयं मोजून वर्ष लावू नको, दुष्काळी वर्षात एखादं वलय पडतच नाही, कधी मधेच कोरड पडली तर एका वर्षात दोन दिसतात, म्हणून झाडं एकमेकांशी जुळवून बघायची, सगळ्यांत अरुंद असलेली वर्षं सगळ्यांत एकाच ठिकाणी आली पाहिजेत. ही पद्धत अमेरिकेत डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या सुरुवातीला बसवली आणि अजून तिला पर्याय नाही.

वलयाची रुंदी थेट मॉडेलमधे घालू नको. २० सेंटीमीटरच्या झाडात ३ मिलिमीटरचं वलय म्हणजे १९ चौरस सेंटीमीटर लाकूड, आणि ४० सेंटीमीटरच्या झाडात दीड मिलिमीटरचं वलय म्हणजे पण १९ चौरस सेंटीमीटरच. रुंदी निम्मी झाली म्हणून झाड मंदावलं असं वाटतं, पण लाकूड तेवढंच टाकलंय, फक्त मोठ्या परिघावर पसरलंय. म्हणून खोडाच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाची वाढ काढ, बेसल एरिया इन्क्रिमेंट, तिच्यावरच बोल.

वलयांचा एक दोष मात्र मोठा आहे आणि पेपरात लोक तो सरळ विसरतात. कांडी तू आज जिवंत असलेल्या झाडांची घेतोस. वीस वर्षांपूर्वी तिथं असलेली आणि नंतर मेलेली, पडलेली, तोडलेली झाडं तुझ्या वहीत नाहीत. जी जगली ती बहुधा चांगली वाढणारीच होती. म्हणून आजच्या कांड्यांवरून मागं मागं जाऊन 'त्या वेळी हेक्टरी एवढा बायोमास होता' असं काढलंस तर तो कमी येणार आणि वाढ फुगणार. जितकं मागं जाशील तितकं जास्त. मागची पाच-दहा वर्षं, त्यापलीकडं हेक्टरचे आकडे सांगू नको, झाडाचे सांग. आणि कांडीसाठी फक्त उंच देखणी झाडं निवडायची खोड सगळ्यांना असते, ती सोड, व्यासाच्या प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून निवड, दबलेली बारीक झाडं पण आली पाहिजेत.

आता फॉर्म्युला. आपल्याकडच्या मिश्र जंगलाला बहुतेक जण शाव्ह आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा फॉर्म्युला लावतात, जमिनीवरचा बायोमास = ०.०६७३ × (घनता × व्यासाचा वर्ग × उंची) चा ०.९७६ वा घात. उष्ण कटिबंधातल्या ५८ ठिकाणच्या ४००४ झाडांवरून तो काढलाय, भीमगडच्या आसपास वापरायला ठीक. देवदाराला तो लावू नको. ऐन-हिरड्याच्या झाडात बरंच वजन जाड फांद्यांत असतं आणि लाकूड जड, चीड-देवदार म्हणजे शेंड्यापर्यंत एकच सरळ खोड, बारीक फांद्या, आणि घनता घनसेंटीमीटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. फॉर्म्युला ज्या झाडांवरून काढला त्यांच्या बांध्याचा असतो, दुसऱ्या बांध्याच्या झाडाला लावला तरी आकडा येतोच, मशीन नको म्हणत नाही. अडचण इथंच आहे.

तिकडं हिरवं झाड तोडून वजन करायला तुला कोण परवानगी देणार नाही, १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून जंगलातली तोड वनखात्याच्या मंजूर वर्किंग प्लॅनप्रमाणेच होते. म्हणून फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाची प्रजातीवार व्हॉल्यूम समीकरणं वापर, चीड, देवदार आणि तिकडची बाकी कॉनिफर म्हणजे कैल, राई, तोश, सगळ्यांची वेगळी आहेत आणि शक्यतो तुझ्या भागाचंच घे. व्हॉल्यूम आलं की त्याला घनतेनं गुण, मग फांद्या-पानांचं वजन धरायला एक्सपान्शन फॅक्टर नावाचा गुणक, मग मुळांचा वाटा. प्रत्येक पायरीवर तपास. व्हॉल्यूम सालीसकट की सालीशिवाय, शेंड्याच्या किती जाडीपर्यंत धरलंय, उंची लागते की नुसता व्यास. खूप जुनं टेबल हाती आलं तर ते क्वार्टर गर्थच्या मापात आहे का बघ, लाकडाच्या धंद्यातलं ते माप, घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. त्यानं खऱ्या गोल लाकडाच्या ७८.५ टक्केच व्हॉल्यूम येतं, व्यापाऱ्याला कापणीतली घट त्यातच धरायची असते, पण तू कार्बन मोजतोयस, तुला २१.५ टक्के सोडून चालणार नाही.

घनता म्हणजे बेसिक डेन्सिटी, ओव्हनमधे साधारण १०५ अंशाला पूर्ण वाळवल्यावरचं वजन भागिले ओल्या लाकडाचं आकारमान. हवेत वाळलेल्या लाकडाची घनता पुस्तकात जास्त दिलेली असते, ती उचलून घातली की बायोमास उगीच वाढतो. तुझ्या कांड्यांवरून पण काढता येते, पण ५ सेंटीमीटरच्या कांडीचं आकारमान जेमतेम १ घनसेंटीमीटर असतं, लांबी कांडी ओली असतानाच मोज, वाळली की आखडते. चिडात राळ असते आणि लिसा काढलेल्या झाडात जखमेजवळ जास्तच, तिचं वजन लाकडात धरलं जातं, म्हणून कांडी जखमेपासून लांबची घे. कार्बनसाठी बायोमासला सरसकट ०.४७ नं गुणतात, आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळानं २००६ मधे समशीतोष्ण कॉनिफरला ०.५१ दिलंय, कुठला घेतलास ते लिहून ठेव.

दोन छोट्या गोष्टी ज्यांनी बायोमास मुकाट्यानं कमी येतो. एक, प्लॉटचा सरासरी व्यास काढून तो फॉर्म्युल्यात घालणं. २० आणि ४० सेंटीमीटरची दोन झाडं घे, सरासरी ३०, अडीचावा घात लावला तर सरासरी झाडाचं उत्तर खऱ्या सरासरीपेक्षा १७ टक्के कमी येतं. झाडागणिक काढून मग बेरीज कर, कायम. दुसरी, तू स्वतः आकड्यांचे लॉगॅरिदम (लॉग) घेऊन रिग्रेशन, म्हणजे आकड्यांवरून समीकरण, बसवलंस तर परत साध्या आकड्यात आणताना उत्तर कमी पडतं, बास्करव्हिलनं १९७२ मधे दाखवलेली दुरुस्ती लावायची, लॉगमधली चूक ०.३ असेल तर सुमारे साडेचार टक्के वाढवावं लागतं.

आणि उतार! हिमाचलात सपाट प्लॉट मिळणारच नाही. ०.१ हेक्टरचा चौकोन घेतलास तर बाजू ३१.६ मीटर, पण ती नकाशावरची आडवी. ३० अंशाच्या उतारावर उताराच्या दिशेनं टेप साडेछत्तीस मीटरपर्यंत न्यावी लागते. नाही नेलीस तर प्लॉट १३ टक्के लहान आणि तुझं हेक्टरचं सगळं गणित तेवढंच खाली. उंचीला पण उतार खातो, क्लायनोमीटरनं, म्हणजे कोन मोजायच्या यंत्रानं, शेंडा आणि बुंधा दोन्ही वाच, झाडाच्या उंचीएवढं तरी लांब उभं राहा, आणि झाड झुकलेलं असेल तर झुकाव तुझ्याकडं किंवा तुझ्यापासून लांब नको, बाजूला दिसेल अशी जागा घे. कॉनिफरचा टोकदार शेंडा दिसतो ही मोठी सोय आहे, आपल्या हिरड्याच्या गोल माथ्यात शेंडा कुठला हेच ठरत नाही.

मॉडेलचं बोलायचं तर लावणीचं, एका वयाचं जंगल असेल तर वय आणि प्रमुख झाडांची उंची घेऊन चॅपमन-रिचर्ड्ससारखा वक्र बसतो, सुरुवातीला हळू, मधे जोरात, मग सपाट होत जाणारा. आइकहॉर्न नावाच्या जर्मन वनतज्ज्ञानं १९०० च्या सुमारास दाखवलं की अशा जंगलातल्या उभ्या लाकडाचं आकारमान मुख्यतः उंचीवरून कळतं, म्हणून जागेचा कस उंचीवरून सांगायची पद्धत पडली. पण नैसर्गिक देवदारात सगळ्या वयाची झाडं एकत्र, वय माहीतच नाही, तिथं हा वक्र ओढूनताणून बसवू नको. तिथं झाडागणिक वाढीचं मॉडेल कर, झाडाचा आजचा व्यास, त्याच्यापेक्षा मोठ्या झाडांचा प्लॉटमधला बेसल एरिया म्हणजे डोक्यावर किती दडपण आहे ते, आणि जागा, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, उताराची दिशा, उत्तरेचा की दक्षिणेचा. कणकुंबीचा मुसळधार पाऊस आणि अथणीचा तुरळक पाऊस एकाच जिल्ह्यात किती वेगळा हे तुला सांगायला नको, तिकडं एकाच डोंगराच्या दोन बाजूंत तसा फरक पडतो, दक्षिणेकडच्या उन्हातल्या उतारावर चीड आणि मागच्या सावलीत वेगळंच जंगल.

एका प्लॉटमधली झाडं एकमेकांची भावंडं असतात, त्यांना स्वतंत्र धरू नको. मिक्स्ड मॉडेल लाव, प्लॉट रँडम इफेक्ट म्हणून, म्हणजे प्रत्येक प्लॉटचा स्वतःचा कमीजास्तपणा मॉडेल वेगळा धरेल. आणि मॉडेल तपासताना अधूनमधून झाडं बाजूला काढू नको, अख्खे प्लॉट बाजूला काढ, नाहीतर आर-स्क्वेअर, म्हणजे मॉडेल किती जुळलं तो आकडा, सुंदर येईल आणि नव्या जंगलात मॉडेल आपटेल. मोठ्या व्यासाची झाडं डेटात थोडीच असतील पण बायोमासचा मोठा वाटा त्यांच्यातच असतो, तुझ्या मापातल्या सगळ्यात मोठ्या झाडाच्या पलीकडं वक्र लांबवू नको.

सॅटेलाइटवरून बायोमास निघेल का हेही विचारलंस म्हणून सांगतो, २०२५ मधे भारत-अमेरिकेचा निसार आणि युरोपचा बायोमास असे दोन रडार उपग्रह गेलेत, दोन्ही याच कामाला उपयोगी आहेत, पण त्यांचे आकडे जमिनीवरच्या प्लॉटवरूनच जुळवावे लागतात, आणि तीव्र उतारावर रडारला स्वतःचीच अडचण असते. तुझ्या पंचवीस-तीस प्लॉटच्या कामाला आधी प्लॉट नीट कर.

मग करायचं काय, तर एका वर्षाच्या फरकावर वाढ काढायचा बेत सोड. प्रत्येक प्लॉटमधे सगळ्या झाडांचा घेर एकदा, पक्क्या पट्ट्यानं, म्हणजे आजचा बायोमास मिळेल आणि पुढं कुणीही तिथं परत येऊन मोजू शकेल. त्यातल्या चिठ्ठीनं निवडलेल्या झाडांच्या दोन-दोन कांड्या, त्यातून मागच्या दहा वर्षांची वाढ. बँड जमले तर थोड्या झाडांना. जायच्या आधी घरी असताना खानापुरातल्या कुठल्याही सागाच्या लागवडीत चाळीसेक झाडं घे, आज मोज, दोन दिवसांनी आधीचे आकडे न बघता परत मोज, आणि तिसऱ्या वेळी टेप दुसऱ्या कुणाच्या हातात दे. दोन दिवसांत झाड वाढत नाही, म्हणून जो फरक येईल तो पूर्ण तुमच्या हातांचा. तो आकडा थिसिसमधे पद्धतीच्या प्रकरणात छाप, गाईडनं विचारायच्या आधी. झाडागणिक व्यासातला फरक ४ मिलिमीटरच्या वर असेल तर सोलनची गाडी पकडायच्या आधी अजून सराव कर, आणि तिन्ही वेळचे कच्चे आकडे मला पाठव, चूक कुठल्या बाजूला झुकलीय का ते बघून सांगतो.